टर्नटेबलला मोटर लावताना आणि शेड बांधताना या चुका टाळा

मॉडेल रेल्वेतलं टर्नटेबल, म्हणजे गोल खड्ड्यात फिरून इंजिनाची दिशा बदलणारा रुळाचा पूल, अडायला लागलं की पहिला संशय मोटरवर जातो. माझाही गेला आणि मी दोन मोटर बदलल्या. मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या, त्या दिवसांवर बेतलेला माझा एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेचा लेआउट सांगलीत घराच्या माडीवर आहे. प्रमाण १:८७. त्यातल्या टर्नटेबलचा पूल ३० सेंटिमीटरचा. ठरावीक जागी आला की तो कुरकुरायचा, थांबायचा आणि मग झटक्यात पुढे जायचा. तिसरी मोटर घेण्याआधी मी मधला दांडा आणि खड्ड्याचा प्लायचा तळ घेऊन कुपवाड एमआयडीसीत एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी दांडा भोकात उभा केला, बाजूला गुण्या लावला आणि उजेडाकडे धरला. खाली गुण्या चिकटलेला, वर मात्र नखभर फट. "मोटर चांगली हाय ओ तुमची," ते म्हणाले. "भोक तिरकं पडलंय. पूल एका बाजूला चढ चढतोय, दुसरीकडं उतरतोय."

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो. मोटर जोडण्याआधी पूल बोटाने फिरवून पाहा. हलकासा धक्का दिला की तो आपला आपण थोडा पुढे सरकला पाहिजे, आणि पूर्ण फेरीत कुठेही जड लागता कामा नये. जिथे बोटाला जड लागतं तिथेच मोटर अडते. जास्त ताकदीची मोटर लावली तर अडणं बंद होतं, पण पूल ओढाताणीने फिरतो आणि रूळ जुळत नाहीत.

हातात ड्रिल धरून मधलं भोक पाडू नका. ड्रिल स्टँड वापरा किंवा लेथवर बुश (दांडा बसायची धातूची नळी) करून घ्या. एकच बेअरिंग लावण्याची चूकही बरेच जण करतात, मग दांडा डुलतो. स्केटिंगच्या चाकात असतं ते ६०८ नंबरचं बेअरिंग स्वस्त मिळतं. त्याचं आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२. अशी दोन बेअरिंग एकाखाली एक, चार-पाच सेंटिमीटर अंतरावर बसवा. पुलाचा भार मधल्या दांड्यावर येऊ द्या. टोकाची चाकं खड्ड्यातल्या गोल रुळाला जेमतेम टेकली तरी पुरे.

आपल्याकडचा पावसाळाही हिशेबात धरावा लागतो. उन्हाळ्यात पूल आणि बाहेरचे रूळ यांच्यात मी अर्धा मिलिमीटर फट ठेवली होती, जुलैत ती नाहीशी झाली आणि पूल घासू लागला. साधं प्लाय ओल धरतं. टर्नटेबलच्या भागाला मरीन प्लाय घ्या, आणि भोकाच्या कापलेल्या कडांनाही दोन हात सीलर मारा. ओल शिरते ती कडांमधूनच. फट पाऊण ते एक मिलिमीटर ठेवली तरी इंजिन अडखळत नाही.

आता मोटर. साधी १२ व्होल्टची गिअर मोटर पूल फिरवते, पण नेमक्या रुळासमोर थांबवत नाही. ते काम स्टेपरचं, म्हणजे मोजून छोट्या पावलांनी (स्टेपनी) फिरणाऱ्या मोटरचं. बहुतेक जण सुरुवात २८बीवायजे-४८ या छोट्या मोटरने करतात, कारण ती यूएलएन२००३ ड्रायव्हरसकट, म्हणजे तिला चालवणाऱ्या सर्किटसकट, स्वस्तात मिळते. तिच्यात दोन दोष आहेत. पहिला म्हणजे गिअरमधला प्ले, म्हणजे दात्यांमधली ढिलाई. दिशा बदलली की थोडा वेळ मोटर फिरते पण पूल जागचा हलत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक रुळाकडे नेहमी एकाच दिशेने यायचं. उलट दिशेने येत असाल तर थोडं पुढे जाऊन परत या.

दुसऱ्या दोषाने माझे कित्येक रविवार खाल्ले. सगळीकडे एका फेरीला २०४८ स्टेप लिहिलेल्या असतात. पण यातल्या बहुतेक मोटरींचा गिअर नेमका ६४:१ चा नसून ६३.६८ च्या आसपास असतो, त्यामुळे फेरी सुमारे २०३८ स्टेपमध्येच पूर्ण होते. फरक दहा स्टेपचा. पण ३० सेंटिमीटरच्या पुलाचा घेर ९४२ मिलिमीटर, म्हणजे टोकाला एक स्टेप ०.४६ मिलिमीटरची. दर फेरीला पूल साडेचार मिलिमीटर सरकत जातो! रुळाचा माथा तर एक मिलिमीटरहूनही अरुंद. सकाळी जुळवलेलं टेबल संध्याकाळी भलतीकडेच थांबत असेल तर मोटर चालवणारा कोड तपासत बसू नका. पुलाखाली एक छोटा चुंबक आणि खड्ड्यात चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवा, सुरू करताना पूल तिथे आणून शून्य धरा, आणि आपल्या मोटरच्या खऱ्या स्टेप मोजून घ्या.

जमत असेल तर मी नेमा १७ मापाची मोठी स्टेपर मोटर घ्यायला सांगेन. तिच्या फेरीला २०० स्टेप. त्या टोकाला ४.७ मिलिमीटरच्या पडतात, म्हणून ती थेट जोडू नका. १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग) आणि २०-६० दात्यांच्या पुली-बेल्टने वेग एक तृतीयांश केला की एक पाऊल साधारण ०.१ मिलिमीटरवर येतं. फक्त मायक्रोस्टेपवर भिस्त ठेवली तर करंट बंद होताच मोटर जवळच्या पूर्ण स्टेपवर उडी मारते आणि पूल हलतो. ए४९८८ ड्रायव्हर वापरत असाल तर त्याच्या मोटर सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. ड्रायव्हर जागच्या जागी जातो.

पूल अर्धी फेरी फिरला की शॉर्ट होतो, ही तक्रार फार ऐकू येते. त्यात बिघाड काही नाही. पूल १८० अंशात वळला की त्याचा डावा रूळ बाहेरच्या उजव्या रुळासमोर येतो आणि प्लस-मायनस भिडतात. डीसीसी (गाड्यांचं डिजिटल नियंत्रण) असेल तर पोल आपोआप उलटणारा ऑटो रिव्हर्सर लावा. साध्या डीसीला दांड्यावर दोन अर्ध्या तुकड्यांची तांब्याची कडी बसवा, पूल फिरताना ती आपोआप पोल बदलते. कडीला टेकून वीज नेणारा ब्रश तुकड्यांमधल्या फटीपेक्षा अरुंद हवा, नाहीतर तो दोन्ही तुकडे एकदम जोडतो. आणि ती फट जिथे एकही रूळ येत नाही अशा दिशेला ठेवा.

टर्नटेबलशेजारची इंजिनांची शेड सगळ्यात शेवटी बांधा. आधी सुंदर शेड करून मग तिच्या दारांत रूळ बसवायला गेलात तर एकही रूळ टर्नटेबलच्या मध्याकडे सरळ जात नाही. मध्यात खिळा ठोका, दोरा ताणा, प्रत्येक रुळाची रेघ आखा, रूळ टाका, सर्वांत रुंद इंजिन चालवून पाहा आणि मगच दाराची मापं घ्या.

बांधकामात प्रमाण सगळ्यात जास्त पत्र्यावर फसतं. पार्सलच्या खोक्याचा वरचा कागद सोलून नालीदार छप्पर करतात, पण त्या खोक्याची नाली (एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंत) साधारण सहा मिलिमीटरची. १:८७ ने ती अर्ध्या मीटरहून मोठी होते. खऱ्या पत्र्याची नाली साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे मॉडेलवर एक मिलिमीटरलाही कमी. बारीक नालीचा पुठ्ठा शोधा, नाहीतर प्लॅस्टिक शीटवर सुईने रेघा ओढा. सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरचं होतं. हे एक माप पाठ केलं तरी नजर तयार होते.

भिंतींना सनबोर्ड (प्लॅस्टिक फोमचा हलका बोर्ड) चांगला, पावसाळ्यात फुगत नाही. थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नका, विरघळतो. खिडकीच्या पारदर्शक शीटला फेविक्विक लावलं तर त्यावर पांढरट थर बसतो आणि तो निघत नाही, तिथे पांढरा फेविकॉल कडेने लावा. आत एलईडी लावणार असाल तर भिंती आतून काळ्या रंगवा, नाहीतर दिवा लागला की अख्खी शेड कंदिलासारखी उजळते. १२ व्होल्टला एका पांढऱ्या एलईडीसाठी १ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो.

आणि शेड बेसला चिकटवू नका. माझी पहिली शेड मी फेविकॉलने पक्की बसवली होती. पावसाळ्यात पूल घासू लागला तेव्हा तो उचलायला हात आत जाईना, आणि कौलांची एक बाजू कापावी लागली. आताची शेड दोन लाकडी खुंट्यांवर नुसती बसवलेली आहे. दिव्यांच्या वायरीला खाली प्लग आहे, तो काढला की शेड अलगद वर येते.