सांगलीत सेवेला येताय? पुराबद्दल थोडं आधीच ऐकून घ्या

सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांत दरवर्षी नवी मुलं-मुली सेवेसाठी येतात. उपासना घ्यायला, घरभेटी करायला ती शिकून आलेली असतात. पुराचं मात्र त्यांना कुणीच शिकवत नाही. २०१९ चा ऑगस्ट मी इथेच काढला, २०२१ चा जुलैही. म्हणून लिहितेय.

आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी, तिचे फूट पाठ करा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पावसाळ्यात इथली माणसं एकमेकांना 'जेवलात का' विचारावं तसं 'आयर्विनला किती?' विचारतात. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट या भागांत पाणी आधी शिरतं, गावभागात आणि मारुती चौकात नंतर. सांगलीत ऊन पडलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पाऊस पडतो तिकडे कोयनेच्या आणि चांदोलीच्या डोंगरात. वारणा हरिपूरला येऊन मिळते, तीही भरलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत जातं. २०१९ ला घराघरांत एकच वाक्य ऐकू येई, "२००५ ला इथवर आलं होतं, त्यावर नाही येत." आलं. ५७ फुटांच्या वर गेलं. जुन्या खुणेच्या भरवशावर वरच्या मजल्यावर बसलेली माणसं दूध-पाण्यावाचून अडकली. कुणी कितीही ज्येष्ठ असो, जुनी खूण दाखवून थांबायला सांगत असेल तर ऐकू नका. म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना आधी बाहेर काढा.

आणि नावेत उडी मारून चढू नका. त्याच वर्षी ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली. जीवरक्षक जॅकेट नसेल तर सेवेचा उत्साह काठावरच ठेवा. हे मी कठोरपणे सांगतेय, कारण कोवळी मुलं यात ऐकत नाहीत.

आता खरी गोष्ट. आम्ही ज्यात सापडलो, तो सापळा म्हणजे मंडळीचं रजिस्टर.

पूर आला की तुमच्या हातात आयती यादी असते. सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर, घरात किती माणसं, सगळं. बाहेरून मदतीचा टेम्पो आला की ती वही उघडते आणि पहिली वाटणी तिच्याप्रमाणे होते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. आपल्या माणसांचा फोन आधी येतो, त्यांचं घर माहीत असतं, चिखलातून नेमकं तिथेच पोहोचता येतं. शिवाय पाठवणारेही अट घालतात. बाहेरच्या एका संस्थेनं आम्हाला स्पष्ट कळवलं होतं की किट विश्वासी कुटुंबांनाच द्या आणि फोटो पाठवा. पण गल्लीतून बघा. एका भिंतीला लागून दोन घरं, दोन्हींत छातीएवढं पाणी होतं, दोन्हींतला गहू कुजून वास मारतोय. एका दारात तांदूळ-तेल उतरतं, दुसऱ्या दारातली बाई बघत उभी राहते. ती काही बोलत नाही. पुढे वर्षभर तुम्ही त्या गल्लीत गेलात की मात्र तिचं दार लोटलेलं असतं. उलटंही होतं. मदत मिळाली म्हणून कुणी रविवारी येऊन बसतं आणि आपल्याला वाटतं सेवा फळली. फळली नाही. ओल्या अंगावर लादलेलं ओझं आहे ते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्यापुढे प्रार्थनेसाठी हात जोडून उभं राहू नये. त्यानं स्वतःहून 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं तर करा, मनापासून करा, आणि तेव्हा हातात किट नसू द्या.

मग यादी कशी करायची? पाण्याच्या रेषेवरून. भिंतीवर चिखलाचा पट्टा कुठवर आहे ते बघत गल्ली धरून चालायचं, एकही दार न गाळता. बरोबर अंगणवाडी सेविका किंवा आशाताई घ्या, त्यांना घरटी माहिती असते. भाडेकरू शोधा, ते कुठल्याच यादीत नसतात. रेशनकार्ड दुसऱ्या गावचं, घर मालकाच्या नावावर, पंचनाम्याला तलाठी आले की मालकाचं नाव लागतं. पालावर राहणारी माणसं शोधा. मंडळीची कुटुंबं त्याच रांगेत, त्यांच्या घराचा नंबर आला की. आपले सभासद रागावतील. रागावू द्या, समजावता येतं. मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. त्याच्या दारात आधी रजिस्टर उघडलं असतं, तर मिरजेत मिशनचं नाव आज ज्या आदरानं घेतात तसं घेतलं असतं का?

घाबरू मात्र नका. तुम्ही नवे आहात, इथली बोली कळत नाही, ओळखी नाहीत, तरी चालतं. पाणी उतरल्यावर लागतात ते हात. कपड्यांचे आणि बिस्किटांचे ढीग पडतात, गाळ काढायला कुणी नसतं. खोरं, घमेलं, खराटा, ब्लीचिंग पावडर घेऊन एका म्हातारीचं स्वयंपाकघर उपसलंत तर ती तुम्हाला नातवासारखं धरून ठेवते. भिलवडी-अंकलखोपकडे गेलात तर जनावरांना चारा न्या. तिथला शेतकरी स्वतःच्या जेवणाआधी म्हशीचं बघतो. सामान फेकायची घाई करू नका, पंचनामा होईपर्यंत ओली गादीसुद्धा दारात राहू द्या. २०१९ ला सरकारनं ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केलं होतं. त्या कागदपत्रांसाठी लोकांना अर्ज लिहून देणारा माणूस किटपेक्षा मोलाचा ठरतो.

मार्गदर्शक निवडायचा झाला तर टेम्पोबरोबर बॅनर घेऊन येणारे पाहुणे सोडा, एखादी निवृत्त सिस्टर, म्हणजे नर्स, धरा. आम्हाला तशा एक लाभल्या. चिखलात उतरण्याआधी प्रत्येकाच्या पायाची भेग त्या स्वतः वाकून तपासत, कारण लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू तिथून शिरतो. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, व्हॉट्सअॅपवर वाचून नको. धनुर्वाताचं इंजेक्शन येण्याआधी घेऊन या. गमबूट इथे मिळतात, पण पूर आला की दुसऱ्या दिवशी संपतात, म्हणून तेही जूनमध्येच घेऊन ठेवा.