जर्मनीत मेटालबाउअरची आउसबिल्डुंग करायचीय? मग दारावरचा छज्जा कसा बसवतात ते आधी समजून घ्या

आयटीआय फिटर किंवा वेल्डर केलेली बरीच पोरं विचारतात की जर्मनीत मेटालबाउअरच्या, म्हणजे धातूकाम करणाऱ्या कारागिराच्या, आउसबिल्डुंगला (कंपनीत काम करत शिकायचा कोर्स) यावं का, आणि पहिला प्रश्न पगाराचाच असतो, तर तो आधी उरकतो. २०२५ मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्याने महिन्याला किमान ६८२ युरो होते, बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात, त्यातून विमा वगैरे कापला जातो. कोर्स साडेतीन वर्षांचा, थोडे दिवस शाळा आणि बाकी कंपनी. व्हिसासाठी साधारण बी१, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन लागतं. झालं. आता जे कोणी विचारत नाही ते, म्हणजे रोज काम काय असतं.

जिने, रेलिंग, गेट हे सगळं आहेच, पण मला विचाराल तर हा धंदा कळतो तो घराच्या दारावर काचेचा छज्जा बसवताना. आपल्याकडे छज्जा म्हणजे लिंटेलसोबत सळ्या काढून ओतलेलं काँक्रीट, विषय संपला. इथे भिंतीलाच हात लागत नाही! १९७७ पासून घराची उष्णता वाचवायचे नियम आहेत, ते दर काही वर्षांनी कडक होत गेले, त्यामुळे विटांच्या भिंतीवर बाहेरून १४ ते २० सेंमी थर्माकोल नाहीतर रॉकवूल, त्यावर जाळी आणि जेमतेम ५ ते १० मिमी प्लास्टर. म्हणजे भिंतीने जाडजूड रजई पांघरलीय आणि तुम्हाला छज्जा टांगायचाय आतल्या माणसाच्या खांद्यावर.

नवीन पोराला वाटतं लांब बोल्ट घ्या, आवळा, काम फत्ते. तसं केलं की बोल्ट आवळताना थर्माकोल दबतो, प्लास्टरला तडे जातात, त्यातून पाणी आत शिरतं, वर तो लोखंडी रॉड घरातली ऊब बाहेर ओढत राहतो. आकडेच बघा ना, थर्माकोलची उष्णतावाहकता ०.०३५ च्या आसपास, साध्या स्टीलची ५०, स्टेनलेसची १५.

वजनाचा हिशोब सगळ्यात भारी. दीड मीटर रुंद, ९० सेंमी बाहेर आलेला छज्जा घ्या, ६+६ मिमीची लॅमिनेटेड काच म्हणजे ४० किलो, फ्रेम धरा २०. आणि बर्फ? सगळ्यात कमी बर्फाच्या झोनमध्येसुद्धा हिशोबाला चौरस मीटरला ५० किलोच्या वर पकडावा लागतो, म्हणजे अजून ७० किलो. झाले १३०. चार रॉड असतील तर प्रत्येकावर ३२ किलोचा खाली दाब, आणि तो दाब विटेच्या तोंडाशी नाही तर १६ सेंमी पुढे, कारण मधे इन्सुलेशन आहे आणि ते काहीही उचलत नाही. म्हणजे रॉड मुळाशी वाकायला बघतो. वर छज्जा पुढे कलतो म्हणून वरच्या दोन रॉडवर बाहेर खेचणारा जोर असतो तो वेगळाच. त्यामुळे एम१२ (१२ मिमी जाड) रॉडने भागेल असं नुसतं डोळ्याने ठरवायचं नाही, एम१६ लागू शकतो. शिवाय वारा खालून काच उचलतो, तेही धरायचं. हा हिशोब स्टॅटिकवाला (भाराचं गणित करणारा) इंजिनियर करतो, पण तो का केला हे तुम्हाला कळलं पाहिजे, कारण होल तुम्ही मारणार.

बाजारात यासाठी खास अँकर, म्हणजे भिंतीत घट्ट बसणारे बोल्ट, मिळतात, फिशर कंपनीचा थर्मॅक्स बघा, त्यात आतला रॉड केमिकलने (होलात भरल्यावर कडक होणाऱ्या मसाल्याने) भिंतीत बसतो आणि प्लास्टरच्या पातळीवर फायबर घातलेल्या प्लास्टिकचा कोन येतो, तो उष्णतेची वाट तोडतो. नवीन घर असेल तर त्याहून सोपं, इन्सुलेशन लावतानाच आत भार घेणारे कडक फोमचे ब्लॉक बसवून ठेवतात. फक्त प्लास्टर व्हायच्या आधी मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा, नंतर ते कुठे आहेत हे कोणालाच आठवत नाही.

जुन्या घरात आधी बारीक बिट घालून बघायचं आत काय आहे. पांढरे मणी निघतात तोवर थर्माकोल, मग बिट अडखळतो आणि भुकटीचा रंग बदलतो, लाल आली तर भाजकी वीट, पांढरी आली तर चुन्याची वीट, करडी म्हणजे काँक्रीट. लाल आली की ड्रिलचा हॅमर लगेच बंद, कारण ती वीट बहुतेक पोकळ जाळीदार असते, ठोक्याने आतल्या पातळ भिंती फुटतात. तिथे जाळीची नळी घालूनच केमिकल भरायचं. होल ब्रशने आणि हवेने साफ करायचं, पाकिटावर जितक्या वेळा लिहिलंय तितक्या वेळा, कंटाळा न करता. केमिकलच्या नळीच्या तोंडातून आलेला पहिला माल टाकून द्यायचा, रंग एकसारखा झाला की मगच होलात. आणि थंडीत तो सेट व्हायला उन्हाळ्याच्या कितीतरी पट वेळ घेतो, तोवर नटाला हात लावू नका, कितीही घाई असू दे.

हे सगळं बेरीख्ट्सहेफ्टमध्ये, म्हणजे आपल्या कामाच्या वहीत, नीट लिहा. ‘छज्जा बसवला’ एवढंच नको, भिंत कसली, अँकर कोणता, किती खोल, किती टॉर्क, स्केच काढून. वही पूर्ण नसेल तर फायनलला बसू देत नाहीत.

भाषेचं म्हणाल तर बी१ वर साइटवर पहिले काही महिने डोक्यावरून जातं, त्यात स्टुटगार्टकडची बोली म्हणजे वेगळाच प्रकार. भिंत, इन्सुलेशन, होल, सील यांचे जर्मन शब्द भारतातूनच पाठ करून या. आणि मायस्टरने, म्हणजे आपल्या उस्तादाने, ‘कळलं का’ विचारलं की मान डोलावू नका, आपली ती सवय इथे महागात पडते. कळलं नसेल तर नाही म्हणा, तो परत सांगतो. होल मात्र प्लास्टरमधून एकदा गेलं की ते बुजवून रंग जुळवायला पेंटर बोलवावा लागतो आणि त्याचं बिल कंपनीला येतं.