बेळगावात जुना, ऐसपैस फ्लॅट घेताय? या चुका टाळा

टिळकवाडी-हिंदवाडीकडच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये हॉल मोठा असतो, देवघराला वेगळी जागा असते, दारं सागवानी असतात. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे मावतात. असं घर मिळत असेल तर जरूर घ्यावं. पण खोल्या बघून भुलायचं आणि जमीन, कागद, गच्ची नंतर बघू म्हणायचं, ही चूक महागात पडते.

महाराष्ट्राच्या नजरेनं कागद बघू नका

कोल्हापूर-पुण्याचे पाहुणे मदतीला येतात आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मागतात. तिकडं बहुतेक इमारती सहकारी सोसायटीच्या असतात. आपल्याकडं विचारायचं ते वेगळं: कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७२ खाली डिक्लरेशन डीड (इमारत या कायद्याखाली आणल्याचा दस्त) नोंदवलंय का, आणि खरेदीपत्रात जमिनीतला तुमचा अविभाज्य हिस्सा किती लिहिलाय? इमारत जुनी होत जाते तशी बांधकामाची किंमत घटते. उद्या ती पाडून नवी बांधायची वेळ आली तर हक्क ठरतो तो या हिश्शावर. हिस्सा लिहिलेलाच नसेल तर दुरुस्तीपत्र लागेल. मूळ जमीनमालक वारला असेल तर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतील. हे काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्या, मगच इसार द्या.

ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला, फक्त शेवटच्या दहा-बारा वर्षांची काढून थांबू नका. इमारत उभी राहण्याच्या आधीपासूनची काढा, म्हणजे जमिनीवरचा जुना बोजाही दिसतो. सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेचं ई-खातं (मालमत्तेची ऑनलाइन नोंद) यांतली नावं व क्षेत्रफळ खरेदीपत्राशी जुळवून बघा. बी-खातं (नियमात पूर्ण न बसणाऱ्या मालमत्तेची वेगळी नोंद) निघालं तर बँकेचं कर्ज अडू शकतं. जुन्या कागदावर ‘बेळगाव’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ असेल तर घाबरायचं कारण नाही. शहराचं अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ मध्ये बदललं. विकणाऱ्याचं नाव मात्र कन्नड, मराठी आणि इंग्रजी कागदांत तीन तऱ्हेनं लिहिलेलं सापडतं, ते आधीच निस्तरून घ्या.

आणि कन्नड वाचता येत नसेल तर एजंटनं तोंडी सांगितलेल्या मथितार्थावर सही करू नका. दोन्ही भाषा जाणणाऱ्या वकिलाकडून खरेदीपत्र ओळ न् ओळ वाचून घ्या. यात कमीपणा कसला? आयुष्यभराची कमाई त्या कागदावर असते.

कॅन्टोन्मेंट हद्दीत आणखी जपून. तिथल्या काही जागांची जमीन संरक्षण खात्याची असते.

उन्हाळ्यात बघून व्यवहार उरकू नका

मे महिन्यात नवा रंग दिलेलं घर कोरडंच दिसणार. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेची भिंत, गॅलरीचा छज्जा आणि वरच्या मजल्याचं छत बघा. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर दोष बहुधा गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. बाराही महिने राहत असेल तर वरच्या घरातलं न्हाणीघर किंवा भिंतीतला पाइप तपासा. सगळे नळ बंद करूनही पाण्याचं मीटर फिरत असेल तर पाइप कुठंतरी गळतोय.

प्लॅस्टरवरच्या वेड्यावाकड्या बारीक रेघांची फार काळजी नको. तुळईच्या कडेनं सरळ जाणारी, तांबूस डाग असलेली भेग मात्र गंभीर. आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. वरून सिमेंट लिंपलं तरी गंज थांबत नाही. अशी भेग दिसली की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि तपासणी पार्किंगमधल्या खांबांपासून करा, फक्त फ्लॅटपुरती नको.

बाकीच्या गोष्टी

जुनं वायरिंग बहुधा एसी आणि गीझरचा भार पेलत नाही, अर्थिंगही बऱ्याचदा नसतं. ते नव्यानं करायचं आहे असं धरूनच बजेट आखा. गंजलेले लोखंडी पाइपही बदलावे लागतील. घरात म्हातारी माणसं असतील तर लिफ्टचा परवाना चालू आहे का बघा आणि दुरुस्तीचा खर्च कोण देतं ते विचारा.

शेवटी शेजाऱ्यांना भेटा, विकणारा सोबत नसताना. गच्चीची गळती कोणाच्या पैशानं काढली, मेंटेनन्स कोण थकवतं, पार्किंगवरून भांडणं आहेत का, हे तेच सांगतील. असोसिएशनकडून थकबाकी नसल्याचा लेखी दाखला घ्या. तोंडी ‘काही बाकी नाही’ चालवून घेऊ नका.