घरच्या सर्व्हरवर स्वतःचा विकी

माझा विकी, म्हणजे ब्राउझरमध्येच पानं लिहायची-बदलायची साइट, कपाटावर पडलेल्या जुन्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर चालतो. आधी मीडियाविकी (विकिपीडियाचं सॉफ्टवेअर) करून पाहिला, पण एकट्याच्या टिपणांसाठी डेटाबेस सांभाळत बसणं म्हणजे नसती उठाठेव. डोकुविकी घ्या. 2004 पासून आहे, डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल.

एनजिनेक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी (डोकुविकी ज्या भाषेत लिहिलंय ती) टाका, डोकुविकी वेब फोल्डरमध्ये ठेवा, ब्राउझरमधून 'इन्स्टॉल.पीएचपी' चालवा. झालं की ती फाइल लगेच उडवा. 'डेटा' (पानं) आणि 'कॉन्फ' (सेटिंग्ज) हे फोल्डर मात्र ब्राउझरमधून उघडता कामा नयेत. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरला डोकुविकीच्या, हीच बंदी लिहिलेल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइली कळतात, एनजिनेक्सला नाही. तिथे बंदीचा नियम आपणच लिहायचा. मग ब्राउझरमध्ये या फोल्डरांचा पत्ता टाकून बघा, 403 (प्रवेश नाही) आलं की निश्चिंत.

राउटरमध्ये रास्पबेरी पायचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करा. बाहेरून हवा असेल तर विकीचं पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडं टाकू नका, वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे सुरक्षित खाजगी जोडणीने आत या.

आणि बॅकअप! माझं एसडी कार्ड एका सकाळी मेलं, बॅकअपही त्याच कार्डावर. (हसू नका.) आता रोज रात्री 2 वाजता क्रॉन (ठरल्या वेळी काम करणारा) आरसिंक (फाइली कॉपी करणारा) चालवतो आणि 'डेटा' व 'कॉन्फ' हेच दोन फोल्डर दुसऱ्या मशीनवर जातात.