'सार्वजनिक' या एका शब्दापायी

सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पात्रता परीक्षा. तिचा पहिला प्रयत्न माझा चार गुणांनी गेला. चार गुण म्हणजे दोन प्रश्न. उत्तरतालिका आली तेव्हा सूक्ष्म अर्थशास्त्राचे चुकलेले सगळे प्रश्न मी एका वहीत उतरवून काढले. त्यातले तीन एकाच धड्यातले निघाले, सार्वजनिक वस्तूंचे. दुसऱ्या वेळेलाही तिथंच घसरले. ज्या धड्याला 'यात काय आहे, सोपं तर आहे' म्हणून एक संध्याकाळ दिली होती, त्यानं माझी दोन वर्षं खाल्ली. तिसऱ्या वेळी सेट झाले, आता तासिका तत्त्वावर शिकवते. तरी ती वही मी टाकलेली नाही. जूनमध्ये एम.ए.ची नवी मुलं समोर बसतात आणि त्यांच्या तोंडून तीच चूक येते, तेव्हा पोटात कालवतं. म्हणून हे लिहितेय.

मागणी, पुरवठा, लवचीकता, समवृत्ती वक्र हे तुम्हाला येतं असं धरून चालते. बाजार अपयशाची नेहमीची कारणंही तुम्ही पाठ केली असणार: मक्तेदारी, बाह्यता, सार्वजनिक वस्तू, अपुरी माहिती. माहितीच्या भागासाठी अर्थतज्ज्ञ अकरलॉफचा १९७० चा जुन्या गाड्यांचा लेख नीट समजून घ्या, तेवढं पुष्कळ आहे. बाह्यतेसाठी तर सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला पुस्तकाबाहेर जायचीही गरज नाही. रात्रभर चालणाऱ्या यंत्रमागाचा खडखडाट शेजारच्या घरातलं लेकरू सोसतं, पण त्या सोसण्याचा आकडा टॉवेलच्या किमतीत कुठंच येत नाही. अर्थतज्ज्ञ पिगूनं १९२० मध्ये यावर कर सुचवला. कोसनं १९६० मध्ये म्हटलं, हक्क कुणाचा ते स्पष्ट असेल आणि बोलणी करायला खर्च येत नसेल, तर मागवाला आणि शेजारी आपसात तोडगा काढतील. या 'तर'वर बोट ठेवा. परीक्षेत कोसवरचा प्रश्न बहुतेक वेळा त्या अटींवरच असतो, आणि आपण अटी सोडून निष्कर्ष पाठ करतो.

आता माझा खड्डा. यावर मी लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

मराठीत 'सार्वजनिक' हा शब्द आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. सार्वजनिक नळ, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक वाहतूक, सार्वजनिक गणपती. सगळ्यांसाठी असलेलं, बहुतेक वेळा सरकारनं किंवा महापालिकेनं दिलेलं, ते सार्वजनिक. मीही हाच अर्थ घेऊन पेपरात गेले. सरकारी दवाखान्यातली खाट? सार्वजनिक वस्तू. नगरपालिकेचा नळ? सार्वजनिक वस्तू. दोन्ही चूक.

अर्थशास्त्रात वस्तू कोण देतो हे बघतच नाहीत. दोनच गोष्टी बघतात. मी वापरल्यानं तुमच्या वाट्याचं कमी होतं का? आणि पैसे न देणाऱ्याला बाहेर ठेवता येतं का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचंही 'नाही' असेल, तरच ती शुद्ध सार्वजनिक वस्तू.

या दोन प्रश्नांवर आपलं गाव तपासा. सार्वजनिक नळावर माझी घागर भरते तेव्हा मागची बाई थांबलेली असते, आणि उजनीचं पाणी काही दिवसांच्या अंतरानं येणाऱ्या गावात हे कुणाला समजावून सांगायला नको. पाणी प्रतिस्पर्धी वस्तू आहे, म्हणजे एकानं घेतलं की दुसऱ्याचं कमी होतं, नळावर 'सार्वजनिक' अशी पाटी असली तरी. दवाखान्यातल्या एका खाटेवर एकच रोगी झोपतो. वाचनालयात सभासदत्व नसलेल्याला पुस्तक घरी नेता येत नाही, आणि एक प्रत मी नेली की तुम्हाला ती मिळत नाही. दुसरीकडे गल्लीतला पथदिवा. मी त्याच्या उजेडात चालले म्हणून तुमचा उजेड कमी होत नाही, आणि वर्गणी न दिलेल्या घरापुरता अंधार पाडता येत नाही. आकाशवाणीचं प्रसारण तसंच. केबलचं मात्र तसं नाही. तिथं चित्र सगळ्यांना पुरतं, पण पैसे न भरणाऱ्याची जोडणी तोडता येते, म्हणून ती क्लब वस्तू. आणि जिल्ह्यात उसाच्या शेतातले बोअर बघा. जमिनीखालचं पाणी एकानं उपसलं की दुसऱ्याचं आटतं, पण उपसायला अडवणं अवघड. ती सामाईक साधनसंपत्ती. याच प्रश्नावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर काम केलं आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सार्वजनिक वस्तू आणि सामाईक साधनसंपत्ती यांची गल्लत ही माझी तिसरी चूक होती.

मला खरा उलगडा झाला तो सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावर. संक्रांतीच्या दिवसांतला गड्डा, तुम्ही गेला असालच. शोभेचं दारूकाम चालू होतं. मैदानावरचे लोक बघत होते, लांबच्या गच्च्यांवर उभे असलेलेही बघत होते. कुणाच्या बघण्यानं कुणाचं कमी होत नव्हतं, कुणाला अडवणं शक्य नव्हतं. त्याच मैदानावर, त्याच रात्री, आकाशपाळण्यात तिकिटाशिवाय बसता येत नव्हतं आणि एका खुर्चीत मोजकीच माणसं मावत होती. म्हणजे जागा एक, जत्रा एक, पण दारूकाम शुद्ध सार्वजनिक वस्तू आणि पाळणा खाजगी. शिवाय यात्रा भरवणारं देवस्थान, सरकार नव्हे. देणारा कोण हा प्रश्न तिथंच माझ्या डोक्यातून निघाला.

अजून एक गोष्ट. वस्तू कायमची एका खान्यात बसत नाही. पहाटे पाचला सात रस्त्याला माझी स्कूटर गेल्यानं कुणाचं काही अडत नाही, संध्याकाळी सातला अडतं. गर्दी वाढली की तोच रस्ता प्रतिस्पर्धी होतो. पर्यायांत 'गर्दी नसलेला रस्ता' असं लिहिलेलं असेल, तर ते दोन शब्द उगाच छापलेले नसतात.

हा खड्डा ओलांडला की दुसरा लगेच पुढं येतो, कारण तो त्याच्यातूनच निघतो. मागणीची बेरीज आडवी की उभी? मी 'खाजगी आडवी, सार्वजनिक उभी' असं घोकून गेले होते आणि आकडे समोर येताच गोंधळले. घोकू नका, असं बघा. कडक भाकरी दहा रुपयांना असताना मी चार घेते, तुम्ही तीन, शेजारची अक्का दोन. किंमत सगळ्यांना सारखी, नग वेगवेगळे, म्हणून नगांची बेरीज करायची, नऊ. आकृतीत ती आडव्या अक्षावर पडते. आता गल्लीत दिवा लावायचा आहे. पहिल्या दिव्याचं मोल मला महिन्याला ३०० रुपये वाटतं, तुम्हाला २००, अक्काला १००. दिवा तिघांना तोच, त्याचे तुकडे होत नाहीत, मोल मात्र वेगवेगळं. म्हणून मोलाची बेरीज, ६००. ती उभ्या अक्षावर. दुसऱ्या दिव्याचं मोल १५०, १०० आणि ५०, एकूण ३००. एका दिव्याचा महिन्याचा खर्च ४०० धरा. पहिला दिवा लावणं योग्य, कारण ६०० हे ४०० पेक्षा जास्त. दुसरा लावू नये. अर्थतज्ज्ञ सॅम्युअलसनची १९५४ ची अट हेच सांगते: सगळ्यांच्या सीमांत मोलाची (सीमांत म्हणजे आणखी एका नगाचं) बेरीज सीमांत खर्चाइतकी होईपर्यंत वस्तू पुरवा.

आता बाजारावर सोडून बघा. ४०० रुपये एकट्यानं द्यायला तिघांपैकी कुणीच तयार नाही, म्हणून दिवा लागतच नाही. वर्गणी काढायला बसलो आणि अक्का म्हणाली, 'मला दिव्याचं काही नाही', तर उरलेल्या दोघांचं ५०० होतं, दिवा लागतो आणि अक्काला फुकट उजेड मिळतो. हाच फ्री रायडर. पण तेच मी म्हटलं तर? तुमचे २०० आणि अक्काचे १०० मिळून ३००, खर्चाला कमी पडतात, आणि तिघंही अंधारात. खोटं बोलणं प्रत्येकाला सारखं फळत नाही, हे मला कुठल्याच गाइडमध्ये सापडलं नव्हतं. स्वतः आकडे मांडल्यावर सापडलं. कागद घ्या आणि तुमच्या गल्लीचे आकडे टाकून हे आत्ता करा. वाचून सोडलंत तर माझ्यासारखं होईल.

इथं गाइडबद्दल बोलतेच. प्रश्नसंच सोडवणं चांगलं, पण त्यापासून सुरुवात करणं घातक, असं माझं पक्कं मत आहे. मी एका क्लासला पैसे भरले होते. तिथं वस्तूंची यादी दिली होती, कुठली सार्वजनिक आणि कुठली खाजगी. मी ती तोंडपाठ केली. पेपरात यादीबाहेरची वस्तू आली. ते पैसे आईच्या मजुरीतले होते, म्हणून अजून लागतं. पुढं मला मदत झाली ती निवृत्त झालेल्या एका सरांची. त्यांनी कधी नोट्स दिल्या नाहीत. शनिवारी सकाळी गेलं की कोरा कागद पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, 'आकृती काढा, अक्षांना नावं द्या, मग बोलू.' पहिले दोन महिने मी रडकुंडीला यायचे. मार्गदर्शक शोधत असाल तर नोट्स देणारा नको, कागद पुढं सरकवणारा शोधा. असा कुणी नाही मिळाला तर एखादी मैत्रीण गाठा आणि एकमेकींना शिकवा. माझ्या ओळखीत तसं करूनही मुली सुटल्या आहेत.

घाबरू मात्र नका. सेटच्या दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हा धडा एकदा खरा समजला की त्यातला प्रश्न सहसा चुकत नाही. इतर धड्यांबद्दल असं छातीठोक सांगता येणार नाही.

श्रमाच्या मागणीनं मला तितकं छळलं नाही, त्याचं कारण आमच्या घरातच होतं. आई विड्या वळते. मांडीवर सूप, कारखान्यातून आणलेला तेंदूपत्ता आणि तंबाखू, आणि मजुरी हजार विड्यांमागे. तिच्या हातांना मागणी आहे ती लोकांना विडी हवी म्हणून. ही व्युत्पन्न मागणी, पुस्तकात अप्रत्यक्ष मागणीही म्हणतात. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विडीवर २८ टक्के कर बसला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका कामाच्या काळजीत पडल्या. कर विडीवर होता, काळजी वळणाऱ्या हातांना. मार्शल आणि हिक्स यांचे व्युत्पन्न मागणीचे नियम वाचताना एवढं चित्र डोळ्यांपुढं ठेवा. एक बारकावा लिहून घ्या: एकूण खर्चात मजुरीचा वाटा लहान असेल तर श्रमाची मागणी कमी लवचीक, हा नियम नेहमी खरा नसतो. मालाच्या मागणीची लवचीकता ही श्रमाऐवजी दुसरं साधन वापरण्याच्या लवचीकतेपेक्षा जास्त असेल, तरच तो टिकतो. हिक्सनं घातलेली ही दुरुस्ती विचारली जाते.

आणखी एका मजुराच्या कामाचं मोल काढताना सीमांत उत्पादनाला (त्याच्यामुळं वाढलेल्या मालाला) किमतीनं गुणायचं की सीमांत प्राप्तीनं (आणखी एक नग विकून वाढणाऱ्या पैशानं), हेही पक्कं करा. मालाच्या बाजारात पूर्ण स्पर्धा असेल तर दोन्ही सारखंच. मक्तेदार असेल तर सीमांत प्राप्ती किमतीपेक्षा कमी असते, म्हणून तो कमी माणसं लावतो.

आणि किमान वेतन. 'वेतन वाढलं की रोजगार घटतो' हे वाक्य आपण अकरावीपासून ऐकतो. कामगार घेणारा एकटाच असेल तर ते खरं असेलच असं नाही. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये अशा एकट्या खरेदीदाराचं विश्लेषण मांडलं. समजा ३०० रुपये रोजानं चार जण येतात, पाचव्याला आणायला रोज ३२० करावा लागतो, आणि तो पाचही जणांना द्यावा लागतो. म्हणजे १२०० वरून १६००. पाचवा माणूस मालकाला ४०० ला पडला. त्याच्या कामातून ३८० मिळत असतील तर मालक त्याला घेणार नाही. आता सरकारनं किमान वेतन ३४० ठरवलं. मालकाला प्रत्येक माणूस ३४० लाच पडतो, ३८० देणारा पाचवा माणूस लगेच कामावर. वेतन वाढलं आणि रोजगारही वाढला. पण हेच किमान वेतन ३८० च्या पुढं नेलं की पाचवा पुन्हा बाहेर, हेही विसरू नका. प्रत्यक्षातला पुरावा म्हणून कार्ड आणि क्रूगर यांचा १९९४ चा अभ्यास वाचा. अमेरिकेत न्यू जर्सीनं १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. दोन्हीकडच्या फास्ट फूडच्या दुकानांची तुलना केल्यावर न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. त्यावर नंतर बरेच वाद झाले, तेही वाचा. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

हे पाच माणसांचं गणित मी एका रात्री आईला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ती विड्यांचे गठ्ठे बांधत ऐकत होती. तिनं विचारलं, 'मग आमची मजुरी वाढली तर काम राहील का जाईल?' मी म्हटलं, जवळपास काम देणारे किती आहेत त्यावर आहे, आणि विडीला गिऱ्हाईक किती राहतं त्यावर. ती बोटांवर मोजायला लागली. कोणता कारखाना चालतो, कोणता बंद पडला, कुठं पत्ता कमी देतात, कुठं जास्त विड्या खराब म्हणून बाजूला काढतात. मी वही उघडली आणि ती सांगेल तसं लिहून घेत गेले.