इंजिनिअरिंग अॅडमिशनचा कॅप फॉर्म भरताना टेन्शन कुठे घ्यायचं आणि कुठे नाही

सीईटीचा स्कोअर हातात आला की मुलांपेक्षा आईवडिलांनाच जास्त धास्ती लागते, फॉर्ममधे एक अक्षर जरी चुकलं तरी सीट जाणार असं वाटत राहतं. तसं नाहीये. इंजिनिअरिंगच्या कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फॉर्ममधल्या बऱ्याच चुका दुरुस्त होतात, स्क्रुटिनी (कागद तपासणी) आणि ग्रीव्हन्सचे (तक्रारीचे) दिवस त्यासाठीच ठेवलेले असतात. पण काही जागा अशा आहेत की तिथे चुकलं तर नंतर कितीही चकरा मारा, काही होत नाही. सगळी काळजी त्या जागांसाठी राखून ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे एमएचटी सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे अॅडमिशनचा फॉर्म भरला असं समजू नका. कॅपचं रजिस्ट्रेशन वेगळं, त्याची फी वेगळी, तारखा वेगळ्या. दरवर्षी कोणीतरी चांगले पर्सेंटाइल घेऊन घरी बसून राहतं कारण हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. सीईटी सेलची साइट रोज एकदा उघडा, त्या वर्षीची माहिती पुस्तिका डाउनलोड करून ठेवा आणि दादाताईंनी सांगितलेले नियम त्याच्याशी ताडून बघा, कारण राउंड किती, ऑटो फ्रीज (म्हणजे मिळालेली सीट आपोआप पक्की होणं) कधी, हे बदलत असतं.

मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, आणि मग ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे, आणि ऐन ऑप्शन फॉर्मच्या, म्हणजे कॉलेज आणि ब्रँच निवडायच्या दिवशी त्याचा फोन लागत नाही. कॅफेत फॉर्म भरायला काहीच हरकत नाही, पण लॉगिन आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहिलेला पाहिजे, आणि ईएनने सुरू होणारा अॅप्लिकेशन आयडी घरातल्या दोघांकडे तरी असू द्या.

नावावरून उगाच झोप उडवून घेऊ नका. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, हे जवळपास सगळ्यांचंच असतं. फॉर्ममधे नाव मार्कशीटप्रमाणे टाका आणि विषय संपवा. स्पेलिंगच वेगळं असेल, म्हणजे दहावीला एक आणि बारावीला दुसरं, तर मात्र ते बोर्डाकडून दुरुस्त करायच्या मागे आत्ताच लागा, त्याला वेळ लागतो.

टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊन नीट वाचा, लोक तो नुसता फाइलमधे ठेवून देतात. जन्मठिकाण लिहिलंय का, राष्ट्रीयत्वापुढे भारतीय आहे का, जात लिहिली असेल तर ती जातीच्या दाखल्याशी जुळते का. दहावी बारावी महाराष्ट्रातून झाली असेल आणि टीसीवर जन्म महाराष्ट्रातला दिसत असेल तर काम सोपं होतं, नाहीतर डोमिसाइल लागेल, ते आपले सरकारवरून किंवा सेतूतून काढून ठेवा, जून जुलैत तिथे झुंबड असते.

आता कॅटेगरी. बऱ्याच सीटा इथेच जातात म्हणून इथे वेळ द्या. नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी पण लागते, आणि ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीवाल्यांना नॉन क्रिमी लेयर लागतं. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो, बारावीच्या निकालानंतर पळापळ करून समितीकडून ती वेळेत मिळेलच असं नाही. नॉन क्रिमी लेयरवर कधीपर्यंत वैध ते बघा, 2025-26 च्या अॅडमिशनला ते 31 मार्च 2026 पर्यंत वैध असायला हवं होतं, याच हिशोबाने तुमच्या वर्षाचं बघा. दाखला आलाच नसेल तर अर्जाची पावती लावून फॉर्म भरायची सोय असते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत ओरिजिनल दाखवलं नाही तर सरळ ओपनमधे धरतात. ती तारीख फ्रिजवर चिकटवा. आणि जोसाचा (आयआयटी, एनआयटीच्या अॅडमिशनचा) पण फॉर्म भरणार असाल तर केंद्राचा नॉन क्रिमी लेयर आणि ईडब्ल्यूएस दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो, राज्याचा तिथे लावू नका.

स्कॅनचं फार मनावर घेऊ नका, मोबाइलवरून चालतं, फक्त चारही कोपरे दिसले पाहिजेत, शिक्का वाचता आला पाहिजे आणि मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू घ्या. ई-स्क्रुटिनीत काही कमी पडलं तर फॉर्म शेऱ्यासकट परत येतो, दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचा. परत आला म्हणजे रिजेक्ट झाला असं नाही! पण तो परत आलाय हे कळायला रोज लॉगिन करून बघावं लागतं, मेसेजच्या भरवशावर बसू नका. ऑनलाइनची अजिबातच धास्ती वाटत असेल तर फिजिकल स्क्रुटिनी निवडा, जवळच्या सेंटरवर ओरिजिनल घेऊन जा, समोरासमोर तपासून मिळतं.

पैसे कट झाले आणि फॉर्मवर पेमेंट दिसत नाही असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, ट्रान्झॅक्शन नंबर लिहून घ्या, थोड्या वेळाने स्टेटस बघा. आणि हे सगळं शेवटच्या दिवशी करू नका.

तात्पुरती मेरिट लिस्ट लागली की नुसता नंबर बघून बंद करू नका. कॅटेगरी, जेंडर, मार्क, पर्सेंटाइल, टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफीची सीट मागितली असेल तर ते, एकेक रकाना बोट ठेवून वाचा. ग्रीव्हन्स याच दिवसांत टाकायची, फायनल लिस्ट लागली की ते दार बंद.

मग ऑप्शन फॉर्म, ज्याची भीती वाटायला पाहिजे पण बहुतेकांना वाटत नाही. इथे कॉलेजचं नाव नाही, चॉइस कोड बघायचा, म्हणजे त्या कॉलेजच्या त्या ब्रँचचा ठरलेला नंबर. व्हीआयटी म्हटलं तर पुण्यात बिबवेवाडीचं विश्वकर्मा पण आहे आणि मुंबईत वडाळ्याचं विद्यालंकार पण आहे, पिंपरी चिंचवडचं एक निगडीला आणि एक रावेतला, कॉम्प्युटरच्या नावाच्याच तीन तीन ब्रँच, आणि त्याच ब्रँचचा शेवटी टी असलेला कोड म्हणजे टीएफडब्ल्यूएस. आधी कागदावर यादी करा, कोड पुढे लिहा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं. क्रम मनातल्या पसंतीचा ठेवा, कटऑफ बघून जिथे लागेल असं वाटतं ते वर आणू नका, कारण पहिला ऑप्शन लागला की ऑटो फ्रीज होतो आणि पुढच्या राउंडला काही उरत नाही. भरून झाल्यावर कन्फर्म करा, सेव्ह केलेला पण कन्फर्म न केलेला फॉर्म धरत नाहीत. कन्फर्मची प्रिंट काढा.

मॅनेजमेंट कोट्यासाठी किंवा कॅप संपल्यावर रिकाम्या जागांसाठी कॉलेजात कागदावर फॉर्म द्यावा लागला तर त्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, आणि झेरॉक्सवर स्वतःची सही करा. सगळ्या कागदांचे चार पाच सेट आधीच काढून ठेवा कारण अॅडमिशन झाली की ओरिजिनल टीसी कॉलेजात जमा होते आणि मग हॉस्टेलला, महाडीबीटीच्या स्कॉलरशिपला तिची कॉपी शोधत बसावं लागतं.

अलॉटमेंट लागलं की आनंदात विसरू नका, लॉगिन करून कोणत्या कॅटेगरीतून सीट मिळाली ते बघा, तो दावा सिद्ध करणारा कागद हातात आहे का ते बघा, फ्रीज (हीच सीट पक्की) की बेटरमेंट (पुढच्या राउंडला वरच्या ऑप्शनसाठी थांबणं) ते घरी बोलून ठरवा, सीट अॅक्सेप्टन्सची फी भरा. फ्रीज केलं असेल तर दिलेल्या तारखेच्या एक दिवस आधीच कॉलेजात जाऊन रिपोर्टिंग करा आणि अॅडमिशन सिस्टिममधे अपलोड झाल्याची पावती हातात घेऊनच तिथून निघा.