बदलत्या ॲपर्चरच्या झूमवर बाहेरचा फ्लॅश कसा वापरावा

कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 मिमी, एफ/3.5-5.6 ची लेन्स (झूम करत नेले की तिचे ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे भोक, एफ/3.5 वरून एफ/5.6 पर्यंत लहान होते) घेऊन मंगल कार्यालयातले समारंभ टिपताच येत नाहीत, असे ठासून सांगणारे मुंबईत पुष्कळ भेटतात, आणि त्यांचा सल्ला बहुधा एफ/2.8 च्या महागड्या झूमपाशी येऊन थांबतो. फ्लॅश लावणाऱ्याने तो ऐकू नये.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, म्हणजे हॉट शूवर, बसवावा, कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही मॅन्युअलवर न्यावेत आणि शटर 1/160 सेकंदावर ठेवावे. फ्लॅश फिल्मच्या काळातला असेल, तर त्याच्या पायाशी येणारे व्होल्टेज आधी मल्टिमीटरने मोजून घ्यावे. काहींचे 200 व्होल्टच्या वर भरते आणि त्याने डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते.

आता ॲपर्चर. गिरगावातल्या एका मुंजीत मी 18 मिमीवर एफ/3.5 ठेवून फ्लॅशची पॉवर जुळवली आणि मातृभोजनाच्या वेळी जागेवरूनच 55 मिमीपर्यंत झूम केले. पंगतीचे फोटो लख्ख आले, पण बटूला घास भरवणाऱ्या आईचा चेहरा काळवंडला. मी दोनदा सेल बदलले, फ्लॅशला नावे ठेवली. प्रत्यक्षात झूम होताच ॲपर्चर आपोआप एफ/5.6 वर गेले होते, म्हणजे सव्वा स्टॉपहून थोडा जास्तच उजेड कमी झाला होता (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे), आणि मॅन्युअल फ्लॅशला त्याचा पत्ताच नव्हता. स्वतःच्या सेन्सरवर चालणारा ऑटो फ्लॅशही असाच फसतो, कारण त्याला आपण भरलेला ॲपर्चरचा आकडाच खरा वाटतो. टीटीएल ही फ्लॅशची आपोआप चालणारी पद्धत लेन्समधून येणारा उजेड मोजत असल्यामुळे हा फरक सांभाळतो खरा. पण समोर पांढरी धोतरे आणि उपरणी आली की तोही फोटो अंधारे करतो, म्हणून ‘टीटीएल लावा आणि निश्चिंत व्हा’ हे मला मान्य नाही.

म्हणून लेन्सच्या लांब टोकाचा आकडा, येथे एफ/5.6, किंवा त्याहून लहान ॲपर्चरच (म्हणजे मोठा आकडा) निवडावे. मग झूम कुठेही फिरवला तरी ते ढळत नाही. मी एफ/8 आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) 400 ठेवतो. या बेताला आणखी एक गोष्ट बिघडवते: फ्लॅशचे डोके लेन्सबरोबर आपोआप झूम होते आणि उजेडाची तीव्रता बदलते. छोट्या सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर 18 मिमीसाठी ते 24 मिमीवर अडकवून टाकावे.

त्या स्थितीत फ्लॅशचा गाइड नंबर (मीटरमधली पोहोच गुणिले ॲपर्चरचा आकडा) आयएसओ 100 ला 36 असेल, तर आयएसओ 400 ला तो 72 होतो. 72 ला 8 ने भागले की पूर्ण पॉवरची पोहोच 9 मीटर निघते. तीन मीटरवरच्या माणसाला पूर्ण पॉवरच्या एक नवमांश उजेड पुरतो, म्हणून 1/8 पॉवरपासून सुरुवात करावी. चाचणीचा फोटो 55 मिमीवरच काढावा. त्यानंतर जागेवर उभे राहून हवा तेवढा झूम करावा, पण पुढे-मागे सरकल्यास पॉवर पुन्हा जुळवावी, कारण फ्लॅशचे अंतर बदललेले असते.

छत पांढरे आणि बुटके असेल तर फ्लॅशचे डोके वर करून उजेड छतावरून परतवावा, म्हणजे बाउन्स करावा, आयएसओ 800 वर न्यावा आणि चाचणी नव्याने घ्यावी. वर पंखा फिरत असेल तर डोके थोडे मागे वळवावे, नाहीतर पात्यांमुळे प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो.